पलंग कापून केलेली फळी

नवरा घर सोडून गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कपाटवालीने पलंग कापायला घेतला. लग्नाचा पलंग, तिनेच केलेला. गल्लीतली निम्मी कपाटं आणि ओट्याखालची दारं तिच्या हातची, म्हणून तिला सगळे कपाटवालीच म्हणत. करवतीचा आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गादी माझ्या खोलीत टाक. तिचा काय दोष?"

नवरा समुद्रावर काइटबोर्ड शिकवायचा. पायाखाली आखूड फळी, कमरेला पट्टा, वर खोलीएवढा पतंग, आणि वारा ओढेल तसं पाण्यावरून धावायचं. त्याच्याकडे शिकायला आलेली एक पोरगी कानामागून आली आणि तिखट झाली. दोघांनी किनाऱ्याजवळ खोली घेतली. आईला न्यायचा विषय त्याने काढलाच नाही, जातोय हे तिला सांगितलंसुद्धा नाही. बायकोला मात्र जाताना ऐकवून गेला, "तू तुझ्या कपाटांसारखीच आहेस. ठेवलं तिथे उभी."

हे तिला झोंबलं. दुसरी बाई एक वेळ गिळता आली असती. पण याच्या काइटबोर्डच्या शाळेतल्या मोडक्या फळ्या इतकी वर्षं हिने फुकटात जोडून दिल्या होत्या. त्याची पहिली विद्यार्थिनीही हीच, आणि हिला शिकवताना तोच जास्त आपटायचा. त्याने हे बोलावं? तिने ठरवून टाकलं. त्याच्याच किनाऱ्यावर, त्याच्याच विद्यार्थ्यांसमोर, आपल्या हातच्या फळीवरून त्याच्या नाकावर टिच्चून जायचं. त्याने बघावं आणि जळावं, एवढंच तिला हवं होतं.

पलंगाच्या उशाकडच्या पातळ प्लायचे दोन तुकडे निघाले. काइटबोर्डाची दोन्ही टोकं जराशी वर वळलेली लागतात, नाहीतर फळी पाण्यात नाक खुपसते. तिने लाकडाचा बाकदार साचा केला, दोन तुकड्यांमध्ये गोंद भरला आणि घरात होते नव्हते तेवढे शिकंजे आवळले. एकेक शिकंजा आवळताना ती दातओठ खात होती. कुणाची मान डोळ्यांपुढे होती ते सांगायला नको. पाय अडकवायला काहीतरी हवं होतं, तर सासूबाईंनी आतून दोन कमरेचे पट्टे आणून दिले. "त्याचे राहिलेत. घे, तुझ्या पायाखाली येऊ देत." सासूबाईंचाही राग लहान नव्हता.

गोंद वाळल्यावर फळी दोन विटांवर ठेवून आधी ती चढली, मग सासूबाई चढल्या. फळी लवली आणि सरळ झाली. "मोडत नाही गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना दोनदा खाली उतरा म्हणावं लागलं.

पण पाण्यात घोटाळा झाला. तिच्या कारखान्यामागच्या खाडीत फळी नुसती तरंगवून बघितली, तर थोडा वेळ जातो न जातो तोच तिचे थर सुटले, कडा फुगल्या आणि फळीचं भिजलेलं पुस्तक झालं. घरातल्या पलंगाचं प्लाय ते, पाण्याला कसं टिकणार? एखाद्या गिऱ्हाइकाने असलं प्लाय सिंकखाली लावा म्हटलं असतं तर हिने त्याला कारखान्याबाहेर काढलं असतं. पण त्याचा पलंग कापायचा म्हणून कापला होता. रागाच्या भरात विद्या गहाण पडते ती अशी. खांद्यापर्यंत पाण्यात उभी राहून तिने नवऱ्याला जेवढ्या दिल्या त्याहून दोन जास्त शिव्या स्वतःला दिल्या.

दुसरी फळी तिने होड्यांच्या प्लायची केली. पट्टे तेवढे पहिल्या फळीचे काढून लावले. वरून राळेचे हात दिले, कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. ही फळी रागाने केली नव्हती, नीट केली होती. राग तिने पुढच्या कामासाठी राखून ठेवला.

पतंग माळ्यावर होता, नवऱ्याने टाकून दिलेला, हिनेच ठिगळं लावलेला. तो एकट्याने उडवता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी कड धरून उभं राहावं लागतं आणि अंगठा दाखवला की सोडावं लागतं. ते काम सासूबाईंनी मागून घेतलं. पहिल्या दिवशी पतंगाने त्यांचा चष्मा उडवला. तेव्हापासून त्या चष्मा खिशात घालून पतंग धरू लागल्या.

"आई, दिसतं का तुम्हाला माझा अंगठा?"

"अंगठा नाही दिसत. तू ओरड."

मग ती ओरडायची आणि सासूबाई सोडायच्या. महिनाभर खाडीत असंच चाललं.

शेवटी एका सकाळी, वारा भरात असताना, दोघी शाळेच्या किनाऱ्यावर गेल्या आणि मुद्दाम पलीकडच्या टोकाला उभ्या राहिल्या. "सोडा!" पतंग वर गेला. कमरेचा पट्टा ताणला, फळी पाण्यावर उठली आणि कपाटवाली निघाली.

नवरा विद्यार्थ्यांना वाळूत बसवून काहीतरी समजावत होता. आधी त्याने ठिगळांचा पतंग ओळखला, मग बायकोला. बोलता बोलता थांबला. ती अगदी काठाजवळून गेली, वळली, उडी मारली, आणि उतरताना उडालेलं पाणी त्याच्या तोंडावर बसलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जवळून तिने त्याला नीट बघून घेतलं. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली, चड्डी नाडीने कशीबशी आवळलेली. तिला इतका आनंद झाला की काय सांगावं. वाळला! बरं झालं, आणखी वाळो. हाच तो दिवस, यासाठीच सगळं केलं होतं.

ती परत आली, सासूबाईंनी पतंग धरला आणि वाळूवर उलटा करून दाबला. नवरा किनाऱ्याने त्यांच्याकडे चालत निघाला होता. अर्ध्या वाटेवर थांबून त्याने हाक मारली, "आई!"

सासूबाई वळल्या नाहीत. "त्याला सांग," त्या सुनेला म्हणाल्या, "पुढे आलास तर पतंग अंगावर सोडीन."

सांगायची गरज पडली नाही, एवढ्या मोठ्याने त्या बोलल्या होत्या. तो मान खाली घालून परत गेला. कपाटवालीला वाटलं, आत्ता पूर्ण झालं. तिने दोऱ्या गुंडाळायला घेतल्या.

सासूबाई पतंगावर गुडघा टेकून तशाच बसल्या होत्या. चष्मा अजून खिशातच होता.

"गेला?"

"गेला."

"तू जवळून बघितलंस ना? मला काही दिसलं नाही गं लांबून." त्यांनी वाळू झटकल्यासारखं केलं. "वाळलाय का तो?"

गळ्याची ती हाडं अजून तिच्या डोळ्यांसमोर होती. ते सांगायला जीभ वळवळत होती.

"छे," कपाटवाली म्हणाली, "चांगलं पोट सुटलंय."

"खातोय म्हणजे," सासूबाई म्हणाल्या आणि दोरीचं दुसरं टोक धरायला उठल्या.