दिवा मोजणाऱ्या हिरेमठ बाई

हिरेमठ बाईंचा अंबाडा सुटलेला दिसला की आम्ही आधी घड्याळ बघायचो. अंबाडा सुटला म्हणजे त्यातली लोखंडी यू-पिन बाहेर आलेली असणार, आणि पिन बाहेर आली म्हणजे बाईंना गाडीबद्दल काहीतरी शंका आलेली असणार. सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या वळणावर, टॉवेलच्या कारखान्यांकडे निघालेल्या सायकलींच्या गर्दीत त्यांची जुनी पांढरी गाडी उभी असायची. दार उघडं, बाई स्टिअरिंगखाली डोकं घालून वाकलेल्या, केस पाठीवर मोकळे आणि तोंडाने पुटपुटणं चाललेलं. कामगार वळून वळून बघत. बाईंना त्याचं काही नसायचं.

बाई गणित शिकवायच्या, मी मराठी आणि नदाफ मॅडम हिंदी. शाळा दुधनीच्या अलीकडच्या एका खेड्यात होती. एसटीने गेलं तर पहिला तास हमखास बुडायचा, म्हणून आम्ही तिघी बाईंच्या गाडीने अपडाऊन करायचो. गाडी मूळची बाईंच्या यजमानांची. ते वारले, मूलबाळ नव्हतं, मागे राहिल्या या दोघी, बाई आणि गाडी. दोघींचं एकमेकींशिवाय चालत नसे आणि दोघींचा एकमेकींवर विश्वासही नव्हता.

इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा सगळ्यांच्याच गाडीत असतो. तो पेटला की काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं. काय बिघडलंय ते गॅरेजवाला स्कॅनर लावून सांगतो. बाईंची गाडी इतकी जुनी होती की नव्या स्कॅनरपुढे ती तोंडच उघडत नसे. तिला विचारायची रीत वेगळी होती. स्टिअरिंगखाली एक काळी डबी होती, तिला भोकं होती. त्यातल्या ठरावीक दोन भोकांत पिनेचे दोन पाय घालायचे आणि इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवायची. मग तो दिवा उघडमीट करायला लागे. आधी दशकाची उघडमीट, मग जरा थांबणं, मग एककाची. एकदा, आणि थांबून दोनदा, म्हणजे बारा. बारा म्हणजे सगळं ठीक. बाकी प्रत्येक आकड्याचं आपापलं दुखणं ठरलेलं. पिनेवरचा काळा रंग बाईंनी ब्लेडने खरवडून काढला होता. "रंगातनं करंट जात न्हाय, तंगी," त्या मला समजावत. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. घरी त्या कानडी बोलत, वर्गात पुस्तकी मराठी आणि गाडीत दोन्हींची मिसळ.

इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. घरून निघताना गॅसचं बटण बघून यायच्या, जिना उतरायच्या आणि पुन्हा बघायला वर जायच्या. ट्रकला कधी ओव्हरटेक करायच्या नाहीत. उसाचा ट्रॅक्टर पुढे लागला तर त्याच्या मागे मागे अशा जात, जशी काही वरात निघालीय. रस्त्यात म्हैस दिसली की फर्लांगभर आधी हॉर्न सुरू. नदाफ मॅडम म्हणायच्या, "काय वो बाई, म्हशीला काय तुमचा नंबर लिहून घ्यायचाय व्हय?" बाई हसायच्या, पण हॉर्नवरचा हात काढायच्या नाहीत.

"भित्री हाय की मी," त्या उघड म्हणत. "पण उगं भिऊ नये. आधी विचारायचं, मग भ्यायचं." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दिवा पेटला की लोक त्याच्यावर चिकटपट्टी लावतात, त्या लोकांचा त्यांना मनस्वी राग होता. "दिवा काय वैरी हाय का? तो बिचारा सांगतोय की. आपल्याला ऐकायचं न्हाय." आणि मोजून झालं, बारा आलं, की डॅशबोर्डवर थोपटून गाडीला म्हणायच्या, "हेदरब्याड." घाबरू नको. गाडी कधी घाबरलेली मला दिसली नाही. थोपटणारा हात मात्र थरथरत असायचा.

गणिताच्या बाई त्या. स्वस्थ कशा बसतील? जाता-येता त्यांनी आम्हाला ते आकडे पाढ्यांसारखे पाठ करायला लावले. तेरा काय, चौदा काय, एकवीस काय. नदाफ मॅडम तेवढ्यात डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायच्या. मी सापडायचे. एक आकडा मात्र बाईंनी कधी विचारला नाही. मीच एकदा विचारलं, "बाई, बेचाळीस म्हणजे?" त्यांनी आधी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीला हात लावला. मग म्हणाल्या, "त्याचं नाव काढू नको. इंजिन फिरतंय का न्हाय ते सांगणारा सेन्सर गेला की बेचाळीस. गाडी कुटं थांबेल सांगता येत न्हाय. थंड झाली तर चालू होती, न्हाय तर न्हाय." वर्गात पोरं पाढे म्हणताना त्या आकड्यापाशी आली की बाईंचा हात त्या डबीकडे जातो, हे मी त्यानंतर पाहू लागले.

पुढे एकदा परतताना, दुधनी-अक्कलकोट रस्त्याच्या अगदी मोकळ्या तुकड्यावर, काही न विचारता त्या बोलायला लागल्या. नजर रस्त्यावर. दुधनीला गेले असताना यजमानांच्या छातीत कळ आली, तेव्हा याच गाडीने बाई त्यांना सोलापूरला नेत होत्या. दिवा आठवडाभर पेटलेला होता. "आमी म्हणायचो, पेटू दे. गाडी तर चालतीय की." इथेच कुठेतरी गाडी बंद पडली. बाईंनी किल्ली फिरवून पाहिली, मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि दुसरं वाहन येईल म्हणून बसून राहिल्या. वाहन आलं, पण उशिरा. नंतर गॅरेजवाल्याने एक तार घालून दिवा मोजून दाखवला. चार, थांबून दोन. ते बघून बाई ती विद्या शिकल्या. "थांबलो म्हणून गेले ते," एवढंच म्हणून त्यांनी गिअर बदलला.

मला सातवा महिना होता तेव्हाची गोष्ट. त्याआधी माझं एक मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे मी जीव मुठीत धरूनच दिवस काढत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, काही झालं तर इकडे तिकडे वेळ घालवायचा नाही, थेट सोलापूर. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी काचेची पेटी तिथेच होती. दुपारच्या सुट्टीनंतर वर्गात खडू हातात असतानाच कळ आली आणि पाठोपाठ रक्त. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती दुसऱ्याच गावाला गेलेली. नवरा चिंचोळी एमआयडीसीत ड्यूटीवर होता, तो परस्पर दवाखान्यात पोचणार होता. बाईंनी डबा, पर्स, सगळं शाळेतच टाकलं आणि गाडी दारात आणली. मागच्या सीटवर नदाफ मॅडमच्या मांडीवर डोकं ठेवून मी आडवी झाले.

त्या दिवशी बाईंनी ट्रकला ओव्हरटेक केलं. एकाला नाही, समोर येईल त्याला. मी वरचं छत बघत होते आणि पोटावर हात ठेवून आतली हालचाल शोधत होते. कधी सापडायची, कधी नाही. नाही सापडली की हात सरकवून पुन्हा शोधायचे. नदाफ मॅडमच्या ओठांवर दुआ होती आणि त्यांची आसवं माझ्या कपाळावर पडत होती.

मोकळा तुकडा आला. गाडीने दोन आचके दिले. बाई काहीतरी कानडीत ओरडल्या. तिसऱ्या आचक्याला इंजिन बंद पडलं आणि गाडी नुसती घरंगळत कडेला जाऊन उभी राहिली. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. दोन्ही बाजूंना तुरीची रानं आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"काय झालं वो बाई?" नदाफ मॅडमचा आवाज फाटला.

बाईंचा हात अंबाड्याकडे गेला. केस सुटले. त्या वाकल्या, किल्ली फिरली. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता आणि चष्म्याच्या काचेवर पिवळा ठिपका उघडमीट करत होता. एक. दोन. तीन. चार. थांबला. एक. दोन. पुन्हा पहिल्यापासून. चार, आणि दोन. चुकून जास्त मोजलं असेल म्हणून मी तिसऱ्यांदा मोजलं. तेच आलं.

बाई सरळ बसल्या. वळून आमच्याकडे पाहिलं नाही. वर्गात उत्तर सांगतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बारा. काय न्हाय झालेलं. पेट्रोलमधे कचरा आला असंल."

"खरंच का वो?" नदाफ मॅडम म्हणाल्या.

"बारा म्हटलं की! खोटं कशाला सांगू?"

त्या खाली उतरल्या. बॉनेट उघडलं, पदराचा बोळा पाण्याच्या बाटलीत भिजवला आणि आत कुठेतरी दाबून धरला. कचऱ्यासाठी कोणी ओला पदर दाबत नाही. त्या सेन्सर थंड करत होत्या. मान जरा उचलली की बॉनेटखालच्या फटीतून मला त्यांचे हात दिसत होते. पोटात कळ आली, गेली. बाळ हलेना. मी मनात म्हणत होते, आता यांचं ऐकून तरी चालू हो गं बाई. कुणाला म्हणत होते कोण जाणे, गाडीला की पोटातल्या जिवाला.

बाई येऊन बसल्या. किल्ली फिरवली, नुसती घरघर. पुन्हा घरघर. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. नदाफ मॅडम रडत हसल्या. बाई हसल्या नाहीत.

अक्कलकोट आलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हितं दुसरी गाडी बघायची का वो?" बाईंनी मान हलवली. "कशाला? बारा हाय. थांबायचं न्हाय." थांबायचं नाही, हे त्या स्वतःलाच सांगत होत्या. गर्दीत, स्पीडब्रेकरवर, वळणावर, कुठेही त्यांनी इंजिनाचा आवाज खाली येऊ दिला नाही. आवाज जरा बदलला की त्यांचे खांदे वर जायचे आणि मी डोळे मिटायचे. तिथून सोलापूरपर्यंतच्या रस्त्यातला प्रत्येक आचका मला अजून आठवतो. खरे किती आणि मला भासलेले किती, ते सांगता येणार नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी पोचली. मला स्ट्रेचरवर घेतलं आणि मागे इंजिन बंद पडल्याचा आवाज आला. ते आपोआप बंद पडलं की बाईंनी बंद केलं, मला माहीत नाही. मुलगी झाली. तळहाताएवढी होती. बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिली, त्या दिवसांची भीती आणखी वेगळी. पण वाचली. आता शाळेत जाते आणि गणितात कच्ची आहे.

बाईंनी त्या प्रवासाचा विषय कधी काढला नाही, मीही नाही. नवा सेन्सर बसला, अपडाऊन चालू राहिलं. निवृत्तीनंतर त्या कलबुर्गीला भाच्याकडे राहायला निघाल्या, तेव्हा निरोप घ्यायला आमच्या घरी आल्या. मुलगी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या बांगड्या फिरवत होती. चहा झाला. मग बाई एकदम म्हणाल्या, "तू मोजलीस ते मला ठावं होतं, तंगी. आरशात तुझे ओठ हलत होते. चार आणि दोन."

मी कप खाली ठेवला.

"तू नुसतं 'बाई, खोटं बोलताय' म्हणाली असतीस, तर मी तितंच स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले असते. यांच्या वेळी बसले तशी. माझ्यात तेवढंच बळ होतं, त्या खोट्यापुरतं. तू लई शानी. गप बसलीस."

इतकी वर्षं मला वाटत होतं की बाईंनी मला वाचवलं. आणि बाई मनात धरून बसल्या होत्या की मी त्यांना सांभाळून घेतलं. मला ते सहन होईना. मी खरं ते सांगून टाकलं. "बाई, शहाणपणाने नाही हो गप्प बसले. सांगायला तोंड उघडलं होतं. भीतीने आवाजच फुटला नाही."

बाई इतक्या जोरात हसल्या की मुलगी दचकून त्यांना बिलगली. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "शानपनानं गप बसलीस काय नि भीतीनं गप बसलीस काय, पोरगी पोचली की!"

तो हात मी नीट पाहिला. तो थरथरत नव्हता. पुढच्या वर्षी बाई कलबुर्गीत झोपेतच गेल्या, असं भाच्याने फोनवर सांगितलं.