तलावाकडचं माहेर

पवनीच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागली, तेव्हा मायनं घरच्या धानाची पुरचुंडी माझ्या बॅगेत कोंबली. नव्या घराच्या उंबऱ्यात चार दाणे टाकायचे, ही आमच्याकडची रीत. मग खिडकीशी येऊन म्हणाली, "जाय बाई, मांगं पाहू नको. तुले मी कधी देवधान चाखू देलं नाही. आता तुले कोनी वापस बोलावत नाही."

गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि तिथंच राहिलेल्यांनाही हे ठाऊक आहे. देवधान म्हणजे आपल्या तलावाच्या काठाला आपोआप उगवणारा रानटी धान. ऋषिपंचमीला नांगराचं खायचं नसतं, म्हणून बायका टोपल्या घेऊन तो आणायला पाण्यात उतरतात. पण आपल्या गावात म्हणतात की हा भात ज्यानं खाल्ला त्याला तलाव सोडत नाही, गेला तरी परत बोलावतो. मायनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो खाल्ला आणि नर्सिंगला नंबर लागूनही ती गेली नाही. ती दोष तलावाला देते, मी बाबांना. मला मात्र ती ऋषिपंचमीला पुरुषांच्या पंगतीत बसवून घरचाच भात वाढायची.

नोकरीसाठी मी हैदराबादेत आले; माझं काम गवतांचं आहे. पानाला हिरवं करणाऱ्या हरितलवकांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि गवतांत तो जवळजवळ नेहमी आईकडूनच येतो. बांबू, ज्वारी, हरळी, धान, सगळ्यांचे हे डीएनए शेजारी ठेवून कोण कोणापासून केव्हा फुटलं ते आम्ही काढतो. थोडक्यात, गवतांची माहेरं शोधतो. इथं मी ॲपवरून सोना मसुरी मागवते, एसीत बसते, आणि गावाकडचं 'मले-तुले' बोलणं कधीच सुटलंय.

यंदा भंडारा जिल्ह्यातल्या धानांची पाळी आली. पुरचुंडीतले दाणे मी त्यात घातले आणि दिवाळीत तलावावरून आणलेलं देवधानही. जिल्ह्यातले बाकीचे शेतातले धान वंशवृक्षाच्या एका फांदीवर बसले. आमच्या घरचा धान तिथं नव्हता. तो दूर, देवधानाला चिकटून बसला होता. नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी सगळं पुन्हा केलं. तेच आलं.

म्हणजे कधीतरी तलावातलं एक रोप आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चढलं होतं. कुणा पणजीनं त्याचंच बियाणं राखलं. बाप म्हणून दर हंगामाला शेतातल्या धानाचा पराग मिळत गेला, दाणा भरला, पण आई तीच राहिली, पाण्यातली. आणि वरणात कालवून मायनं मला भरवला तो हाच भात.

असल्या गोष्टी मी मानत नाही. पण त्या संध्याकाळी खोलीवर आले तर बाल्कनीतल्या कुंडीत लावलेल्या घरच्या धानाच्या लोंब्या रिकाम्या होत्या. घरचा धान असा झडत नाही, झडतं ते देवधान. बाल्कनीला जाळी आहे, वारा नव्हता. तरी दाणे फरशीवरून पार दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते. मला भीती वाटली.

माय रोज विचारायची, "तुह्या मशीनीत आपला धान काय म्हनते?" मी तिला फोन करून सगळं सांगितलं. तिच्या मागून पाण्याचा आवाज येत होता, आणि आमचं घर तर तलावापासून बरंच लांब आहे.

"माय, ऐकतेयस ना?"

"मंग वापस कवा येऊन राहिली?" ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. ती रडत होती.

घर म्हणजे मी मागे सोडलेली जागा, असं मी इतकी वर्षं समजत होते. ते तर लहानपणीच ताटातून माझ्यात आलं होतं. नोकरी सोडून कशी येऊ गं, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून ऐकलं, "येऊन राहिली, माय."