इनेझबायचं अपील

मरोळ गावठाणातल्या आमच्या शेजारीण इनेझबाय कधी खोटं बोलत नसत. हा गुण शेजाऱ्यापाजाऱ्यांना किती जड जातो, ते आम्हाला विचारा. माझ्या बायकोने कौतुकाने सांदणं पाठवली, तर त्यांनी "कोंबड्यांना बरी" असा निरोप धाडला.

सत्त्याहत्तर साली त्यांच्या लेकीचं, विनीचं लग्न ठरलं, ईस्टर झाल्यावरचं, कारण उपासाच्या चाळीस दिवसांत त्यांच्यात लग्न लागत नाही. आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायचं आणि मंडळींना घरी गाळलेली पाजायची, ही रीत. दारूबंदी असली म्हणून काय झालं? बायनी उपास लागायच्या आधीच परसात भट्टी लावली आणि वास पोलिसांपर्यंत गेला.

अंधेरीच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने विचारलं, "गुन्हा कबूल?"

बायना वाटलं, हेही चर्चमधल्या कबुलीसारखंच. पाप सांगायचं, चार प्रार्थना म्हणायच्या, घरी यायचं.

"कबूल. आन् नाताळात विनीच्या साखरपुड्याला गाळली तीपण माझीच होती."

सहा महिने मिळाले.

दत्ताराम वकील तुरुंगात धावले. "बाय, कबूल केलंत, आता निर्दोष म्हणता येणार नाही. पण शिक्षा जास्त झाली, एवढं तरी वरच्या कोर्टात सांगू. तीस दिवसांची मुदत आहे. सही करा."

"उपासाच्या दिवसांत प्रायश्चित्तावर घासाघीस? नाय हां. ईस्टर होऊ दे."

"तोवर मुदत संपेल! मग उशीर का झाला ते कोर्टाला सांगावं लागतं. काय लिहू, बाई हट्टी आहे?"

"खरं तेच लिहा."

विनी ओक्साबोक्शी रडली. "तू नसलीस तर मी लग्नच करणार नाय, माय." बायचे डोळे भरले, पण हात काही हलला नाही. असला खरेपणा चुलीत घालावा, असं मला वाटलं. रागच आला मला त्यांचा.

मुदत संपत आली तेव्हा विनी फादर अल्फान्सोंना घेऊन गेली. फादर तापट.

"मॅजिस्ट्रेट कधीपासून प्रायश्चित्त द्यायला लागला गं? ते मी देतो. पोरीला रडवलंस, हे पाप. प्रायश्चित्त म्हणून इथे सही कर."

बायनी क्रुसाची खूण केली आणि मुकाट सही केली.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात सेशन्स कोर्टात सुनावणी झाली. जज्जसाहेबांनी कागद वाचले, चष्म्यावरून बायकडे पाहिलं.

"पुन्हा दारू गाळणार का?"

दत्तारामांनी डोळे मिटून घेतले. माझ्या शेजारी बसलेली विनी "नाय म्हण, नाय म्हण" असं पुटपुटत होती. इनेझबाय विचारात पडल्या. सगळं कोर्ट त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं.

"नाय साहेब," त्या म्हणाल्या. "विनीच्या पाठीवर पोर नाय मला."

जज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. मग भोगली तेवढी शिक्षा पुरे, असं लिहून म्हणाले, "जा बाई, लग्नाची तयारी करा."