मामींसोबत कल्पेनी

पहाटे डेकवर गेलो तर मामी माझ्या आधीच कठड्याशी उभ्या होत्या. समोर पाण्यावर हिरवी बारीक रेघ दिसत होती. ऊन वर आलं तसे त्या रेघेतून माडांचे शेंडे सुटे होऊ लागले. जहाजाखालचं पाणी दाट निळं होतं, पण बेटाच्या अलीकडे त्याचा रंग एकदम फिका, पोपटी झाला होता. मी सांगितलं, तेच कल्पेनी, लक्षद्वीपचं बेट, आजचा दिवस आपला तिथंच. मामींनी मान हलवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या आहेत, नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात आणि सासरे गेल्यापासून संत्र्यांची बाग एकट्या सांभाळतात. खरं तर ही सहल माझी आणि बायकोची, रेखाची होती. निघायच्या आधी ती नागपुरातच सदरला खरेदीला गेली आणि दुकानाच्या पायरीवरून घसरली. घोटा मोडला. प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून तिनंच निकाल दिला, "आईले घेऊन जा. तिनं समुद्र कुठं पाह्यला?" मामी नाही म्हणतील अशी माझी खात्री होती आणि जावईबापू नाही म्हणतील अशी मामींची. दोघंही वाट पाहत राहिलो, आणि बेत ठरून गेला.

मी विमानतळालगतच्या मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं काम करतो. एकदा एखादं काम अंगावर घेतलं की मला त्याची काळजी वाटत नाही. मामींच्या नावानं बेटावर जायचा नवा परवाना काढला, कोचीपर्यंतचं रेल्वेचं आरक्षण केलं, जहाजावर शाकाहारी जेवण मिळेल याची चौकशी केली. बोलायचं काय, एवढं मात्र मला ठरवता आलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं बोलणं 'बरे आहात ना' आणि 'जेवून घ्या' याच्या पुढं गेलं नव्हतं. मी ओसरीवर आलो की मामी दाराआड होत. कोचीच्या गाडीत त्यांनी डब्यातल्या सगळ्यांच्या घरच्या गोष्टी काढून घेतल्या. माझ्याशी बोलल्या त्या फक्त चहाच्या वेळी.

जहाज बेटाला लागत नाही. पाण्याखाली पोवळ्यांची भिंत आहे, त्यामुळे ते बाहेर खोल पाण्यातच थांबतं. मग त्याच्या कुशीतलं एक दार उघडतात आणि खाली आलेल्या मोटारहोडीत एकेका प्रवाशाला उतरवतात. सकाळी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत होता. दोन खलाशांनी मामींच्या दंडांना धरून त्यांना अलगद होडीत ठेवलं. नऊवारीवर नारिंगी लाइफ जॅकेट घालून त्या ताठ बसल्या. होडी भिंतीतल्या वाटेनं आत शिरली आणि तळाची वाळू, तिच्यावरून सरकणारी आमच्याच होडीची सावली, निळ्या माशांचा एक थवा, सगळं काचेतून पाहावं तसं दिसू लागलं. मामी काठावरून इतक्या वाकल्या की मला त्यांच्या जॅकेटचा पट्टा मागून धरावा लागला.

धक्क्यावर आमच्या गटाला नौशाद नावाचा वाटाड्या मिळाला. त्याला हिंदी छान येत होती. त्यानं प्रत्येकाच्या हातात करिक्क (शहाळं) दिलं आणि माडांमधल्या काँक्रीटच्या अरुंद रस्त्यानं चालवत नेलं. बेट एवढं चिंचोळं आहे की काही ठिकाणी डावीकडेही समुद्र दिसतो आणि उजवीकडेही. घरं बसकी, अंगणात पांढरी वाळू, दोऱ्यांवर कपडे, आणि सगळीकडे भिजवलेल्या सोडणांचा (नारळाच्या सालींचा) आंबूस वास.

एका घराच्या अंगणात विहीर दिसली आणि मामी थांबल्या. गट पुढं निघाला, पण त्या हलेनात. विहीर उथळ होती, हात लांबवला तर पाण्याला लागेल एवढी. मागं झाडांतून लाटांचा आवाज येत होता. इथलं पाणी खारटच असणार, असं मी म्हणालो. तोवर घरातून एक बाई बाहेर आल्या. मामींच्याच वयाच्या, डोक्यावरून पांढरं कापड घेतलेलं, हात काथ्या वळून राठ झालेले. नौशादनं ओळख करून दिली, या कदीजाबी. मामींनी ओंजळ करून दाखवली. कदीजाबींनी बादली टाकली आणि त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

मामींनी एक घोट घेतला, मग आणखी घेतला आणि माझ्याकडे वळल्या. "गोड आहे जी. पिऊन पाहा."

खरंच गोड होतं. नौशादनं सांगितलं की पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. जास्त उपसलं तर खारं पाणी वर येतं, म्हणून इथं हात राखून उपसतात. हे ऐकून मामी विहिरीच्या कठड्यावर बसल्याच. मग दोघींचं जे सुरू झालं त्यात मधे भाषांतर करणाऱ्या नौशादला धड श्वास घेता येईना. झाडांची मुळं किती खोल जातात, उन्हाळ्यात काय करता, एका माडाला किती नारळ. कदीजाबींनी विचारलं, तुमच्या गावापासून समुद्र किती दूर? मामी म्हणाल्या, "आमच्या इकडं समुद्र नाहीच. जिकडं पाहाल तिकडं जमीनच." कदीजाबींना ते पटेना. सगळीकडे जमीन, म्हणजे माणसं मासे कुठून आणतात आणि संध्याकाळी बघत कुठं बसतात? यावर दोघी बराच वेळ हसत बसल्या.

दुपारचं जेवण किनाऱ्यावरच्या, माडाच्या विणलेल्या झापांच्या छपराखाली होतं. भात, खोबऱ्याच्या वाटणातला चूर (ट्यूना) मासा, सोबत 'मास'चं, म्हणजे धुरावर वाळवलेल्या ट्यूनाचं कालवण. मला चूर फार आवडला. चव सुरमईसारखी, पण मांस जास्त घट्ट. आपल्या झणझणीत सावजी रश्श्याची सवय असलेल्या जिभेला मात्र तिखट कमी वाटलं. मामींनी भात आणि केळ्याची भाजी घेतली आणि पिशवीतून ठेच्याची बाटली काढून न विचारताच माझ्या पानात ठेचा वाढला.

जेवणानंतर बाकीचे पाण्याखालचे मासे बघायला मुखवटे लावून गेले. मामी लुगडं थोडं वर खोचून पाण्यात शिरल्या. गुडघाभर पाण्यात गेल्या आणि सरळ बसल्या. मी मागोमाग गेलो आणि थोडं अंतर ठेवून बसलो. पाणी कोमट होतं. मग समोर पाहतच त्या म्हणाल्या, "तुमच्याशी काय बोलावं ते मले समजतच नव्हतं, जावईबापू. रेखाचे बाबा होते तवा तेच बोलत. ते गेल्यावर मले वाटे, आता मधातच कुठून सुरू करावं?"

मी म्हणालो, माझंही तसंच होतं.

"मंग आता करून राहिलो ना," त्या म्हणाल्या, आणि बागेतल्या डिंक्या रोगाबद्दल सांगू लागल्या. किती तरी वेळ सांगत होत्या. माझी मान उन्हानं भाजून निघाली ते मला नंतर कळलं.

परतायच्या वेळी वारा सुटला होता. भिंतीच्या आत काही जाणवलं नाही, पण बाहेर पडताच होडी उचलली जाऊ लागली. जहाजाचं दार एकदा आमच्या डोक्याच्या वर जाई आणि एकदा गुडघ्याखाली. लाट होडीला वर आणी त्या क्षणी पाय टाकायचा, खलाशी आत ओढून घेत. तरुण मंडळी गेली. मामींची पाळी आली. त्यांनी पाय उचलला, तेवढ्यात होडी खाली गेली आणि त्यांची चप्पल दोहोंच्या मध्ये पडून दिसेनाशी झाली. मामी मागं कोसळल्या त्या माझ्या अंगावर.

"मी नाही येत," त्या म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. "मले परत बेटावर सोडा. तुम्ही जा."

बेटावर रात्री राहायचा परवाना नव्हता आणि वारा वाढतच होता. मी खलाशांना सांगितलं, आम्ही सर्वांत शेवटी. मग मामींना घेऊन फळीवर बसलो आणि आम्ही नुसत्या लाटा पाहिल्या. होडी वर आली की एक क्षण तिथंच थांबते, मग उतरते. तो क्षण पुरेसा होता. मी त्यांना तो दाखवत राहिलो, एकदा, दोनदा, पुन्हा. शेवटी त्या स्वतःच हळू आवाजात म्हणू लागल्या, "आता. आता."

"मामी, मी हात धरतो. तुम्ही म्हणाल तेव्हाच जायचं."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग घट्ट धरला. होडी वर आली, त्या "आता" म्हणाल्या, मी मागून जोर लावला आणि खलाशांनी त्यांना आत घेतलं.

आता होडीत मी एकटाच प्रवासी राहिलो. दिवसभर काम अंगावर होतं तोवर ठीक होतं. ते संपलं आणि माझी नजर चप्पल गेलेल्या त्या फटीतल्या पाण्यावर खिळली. लाट आली, गेली. दुसरी आली, गेली. मी जागचा हललो नाही. होडीवाला काहीतरी ओरडला.

मामी दारातून आत गेल्याच नव्हत्या. खलाशी त्यांना मागं सारत होते आणि त्या हटत नव्हत्या. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, पदर खांद्यावर पडलेला. एका हातानं दाराची कडी धरून त्यांनी दुसरा हात माझ्याकडे लांब केला.

"माझ्याकडं पाहा," त्या म्हणाल्या. "पाण्याकडं काहून पाहता? लेकरा, माझ्याकडं पाहा. आता ये."

मी पाय टाकला.

नागपूरला पोचलो त्या दुपारी रेखाच्या चौकशीला शेजारपाजारचे आले होते. मामींनी खुर्ची मध्यभागी ओढली आणि बेट सांगायला घेतलं. विहीर सांगितली, कदीजाबी सांगितल्या, पोपटी पाणी सांगितलं. मग वारा सुटला, होडी उडायला लागली, मी लाटा कशा दाखवल्या, त्यांना कसं चढवलं. "अन् मंग जावईबापू आले एका पावलात," त्या म्हणाल्या, आणि चहाचा कप तोंडाला लावला. रेखानं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायला तोंड उघडलं तर मामींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

एका दिवसात बेट पाहून होत नाही. कल्पेनीचं दक्षिणेकडचं टोक माझं राहिलं, दीपगृह राहिलं, पाण्याखालचे मासेही राहिले. हे सगळं पुन्हा जाऊन बघता येईल. पण त्या दारात काय झालं ते मामी कुणाला सांगणार नाहीत हे मला आता पक्कं कळलंय, म्हणून मीच ते लिहून ठेवलं.