खाडीवरचा चित्रं काढणारा साहेब

कोपरीच्या खाडीवर एक म्हातारा गोरा साहेब रोज मिठागरांची चित्रं काढत बसायचा. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मोडकंतोडकं मराठी बोलायचा. म्हणायचा, सरकारसाठी डोंगरांची चित्रं काढायला बोटीनं आलो, मग साहेबांच्या मडमा काढल्या, मग फोटोचं यंत्र आलं आणि मला कुणी विचारेना. मग घरी का नाही गेलात, असं विचारलं की कुंचला ओठांत धरून त्याचं टोक काढायचा आणि हसायचा. नुसत्या पाण्यातून ढग कसे निघतात, ते मी लांबून बघत राहायचे.

एक दिवस सासूबाई धावत आल्या. "अगं, त्यानं तुला कागदावर घेतलीय! पोरासकट!"

पहिलं पोर गेलेलं माझं, हे दुसरं, आणि चित्र काढलं की माणूस झिजतं म्हणायचे सगळे. पोराला घेऊन मी तशीच पळत सुटले.

"साहेब, माझ्या बाळाला पुसा! आत्ताच्या आत्ता पुसा!"

त्यानं कागद पुढे धरला. बांधावर हिरव्या लुगड्यातली मी, आणि खांद्यावर निजलेल्या बाळाची पांढरी कुंची.

"काय पुसू, बाई? पांढरा रंग माझ्याकडे नाही. मीठ नाही काढलं, बाळ नाही काढलं. हात लाव, नुसता कागद."

मी भीत भीत बोट लावलं. भोवती सगळं ओलसर, आणि बाळाच्या जागी कोरडा कागद.

"मग न काढता दिसतंय कसं हो?"

तो सरकला, बांधावर मला जागा करून दिली. मी बसले. बाळाचं तोंड तेवढं माझ्याकडे वळवून धरलं.