सुयोगचे हक्काचे मतदार

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या सुयोग परबला अभ्यासाचा कंटाळा, पण पांढऱ्या कडक शर्टाची हौस दांडगी. घाटकोपरच्या त्याच्या कॉलेजात त्याला जीएस व्हायचं होतं, म्हणजे विद्यार्थी परिषदेचा मुख्य. कशासाठी, ते त्याला कोणी विचारलं नव्हतं. नाक्यावर 'भावी जीएस' असा बॅनर मात्र लागून गेला होता. त्यावर राजेशमामा, मामाचे साहेब आणि साहेबांचे चिरंजीव ऐसपैस; खाली कोपऱ्यात सुयोग, पासपोर्ट साइजचा. आता हरला तर नाक्यावर तोंड दाखवायची सोय नव्हती.

मत द्यायचं होतं फक्त दहा वर्गप्रतिनिधींनी. सुयोग त्यातलाच एक.

"आणखी पाच जण उचल," मामा म्हणाला. "मतदान होईपर्यंत कोणाच्या नजरेस पडू द्यायचे नाहीत. मोठी माणसं असंच करतात."

मोठी माणसं करतात म्हटल्यावर डोकं चालवायचा प्रश्नच मिटला. रविवारी सुयोगने पाचही जणांना होडीत घालून गोराईला मामाच्या ओळखीच्या बंगल्यावर नेलं. पोचल्या पोचल्या सगळ्यांचे मोबाईल गोळा केले, स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये ठेवले आणि वर झाकण लावलं. विरोधातला चैतन्य फोन करून कोणाला फोडेल, ही धास्ती.

"अरे, आईला तरी कळवू दे," दिशा म्हणाली. ती दुसऱ्या वर्षाची प्रतिनिधी.

"उद्या कळव. आज तू सेफ आहेस."

"कोणापासून रे?" प्रीतमने विचारलं. सुयोगने बिर्याणी वाढली.

बिर्याणी संपली. टीव्ही नव्हता, हातात मोबाईल नव्हता. नाइलाजाने मुलं एकमेकांशी बोलायला लागली. लायब्ररी पाचलाच बंद होते, नोकरी करून येणाऱ्यांनी वाचायचं कधी? मुलींच्या टॉयलेटला कडी नाही, एकीने दार धरून उभं राहायचं. दिशा म्हणाली, "ऑफिसात तीनदा गेले. जीएसच्या सहीचा अर्ज आणा म्हणतात." मग ती सुयोगकडे वळली. "तू जीएस झालास की पहिलं काय करशील?"

सुयोगने विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या पडल्या.

"पहिला सत्कार. मग डीजे."

"आणि कडी?"

"मामाला सांगतो ना."

कोणी हसलंसुद्धा नाही. पुढचं बोलणं दिशाच करत राहिली, बाकीचे ऐकत राहिले. सुयोग व्हरांड्यात उभा राहून मामाला फोनवर खबर देत होता, "सगळे आपलेच आहेत. एकमेकांशी काय जमलंय यार त्यांचं, झकास."

सोमवारी कॉलेजात मतदानाआधी सरांनी विचारलं, आणखी कोणाचं नाव? प्रीतमने दिशाचं नाव सुचवलं. चिठ्ठ्या टाकल्या, उघडल्या. दिशा सहा, चैतन्य तीन, सुयोग एक.

जिन्यात प्रीतमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भावा, ते एक माझं."

मागून सपना आली, तीही बंगल्यावरच्या पाचांतली. "वाईट वाटलं रे. मी तुलाच दिलेलं."

त्याच पाचांतल्या केतनने तर आईची शपथ घेतली. सुयोग प्रत्येकाला थँक्यू म्हणत राहिला. ते मत कोणाचं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण सांगतो कोणाला?

शेवटी दिशा खाली उतरली. "मी नाही दिलं हं तुला," ती म्हणाली आणि ऑफिसकडे गेली.

सुयोगला सगळ्यांत जास्त राग तिचा आला.