सोनकीला खुरासणी समजले तेव्हा

शहाण्णवच्या दिवाळीनंतर मी नर्स म्हणून मस्कतला निघाले. आमच्या वैशाखरे गावच्या एसटी थांब्यावर बाबा थेट रानातून आले होते, सदऱ्याला खुरासणीचा भुसा तसाच. बॅग वर चढवून देताना म्हणाले, "रानाची काळजी करू नको गो. मी हाय ना." एसटी हलली तरी हात न हलवता उभे राहिले. मी रडले नाही, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानच वाटला.

रान म्हणजे घाटाकडच्या उतारावरचं आमचं वरकस, हलकी जमीन. तिथं भात होत नाही. आई गेल्यावर ते आम्ही दोघंच करायचो. एका वर्षी नाचणी, पुढच्या वर्षी वरी, मग खुरासणी, म्हणजे तेलाचं कारळं, आणि त्यानंतर जमीन दमते म्हणून काही वर्षं पडीक. बाबांचा सगळा जीव त्या उतारात. ते रान सुटलं की माणूस खचणार, ही माझी खरी भीती होती. म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न तोच असायचा.

टोकावड्याच्या पीसीओवर ते ठरलेल्या रविवारी येऊन बसायचे. पावसाळा सरला की सांगायचे, "खुरासणी फुललेय. सगळा उतार पिवळा झालाय बघ." मी खुशीत ड्युटीवर जायचे. फ्लॅटमधल्या मल्याळी मैत्रिणींना आमचा पिवळा डोंगर तोंडपाठ झाला होता. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मधे दोनदा लीव्ह मिळाली ती उन्हाळ्यात, तेव्हा रान सगळ्यांचंच बोडकं असतं.

चौथ्या वर्षी मात्र सप्टेंबरच्या शेवटी आले. एसटीच्या खिडकीतून उतार दिसला, खरोखर पिवळा. शेजारच्या बाईला मी न विचारताच सांगितलं, "ती आमची खुरासणी." घरी बॅग टाकली आणि वर निघाले. बाबा "मागून जाऊ, च्या तरी घे" म्हणत राहिले. मी ऐकलं नाही. ते काठी टेकत निघाले आणि पहिल्या बांधाशीच बसले. त्यांच्या गुडघ्यांचं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि लीव्हला अंगणात बसलेले बाबा बघून मीही विचारलं नव्हतं.

वर पोचले तर झाडं गुडघ्याएवढीच. खुरासणी कमरेला लागते. एक फूल खुडलं. खुरासणीचं फूल मोठं असतं आणि पाकळीच्या टोकाला दात असतात. हे लहान, पाकळ्या निमुळत्या. खुरासणीची खालची पानं समोरासमोर येतात, इथं ती एकाआड एक होती. ही सोनकी होती. ती कोणी पेरत नाही. ती इथलीच आहे, जमीन मोकळी सोडली की आपली आपण येते.

मी तिथंच बसले. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी गेले ते वर्ष खुरासणीचं होतं. लागोपाठ चार वर्षं ती त्याच जमिनीत येईलच कशी? शेतकऱ्याची लेक मी, औषधांचे डोस तोंडी मोजणारी, आणि हे एवढं कधी मोजलं नाही. मला मोजायचंच नव्हतं.

खाली आले तर बाबा जमिनीकडं बघत म्हणाले, "तुला तिथं कोण होतं गो डोळं पुसायला? म्हून रान सुटलं ते नाय सांगितलं."

तुमच्यापैकी जे दूर गेलात आणि जे मागं राहिलात, त्यांना हे लिहिते आहे, कारण आपण सगळेच फोनवर खुरासणी पेरतो. मीसुद्धा त्यांना दर फोनला "मी मजेत आहे" असंच सांगत आले होते.

मी मस्कतला परतले. पुढच्या पावसाळ्यानंतर बाबा फोनवर म्हणाले, "औंदा पण काय नाय पेरलं. आता व्हायचं पण नाय." मला रडू आलं, पण बरंही वाटलं. मग मीही पहिल्यांदा सांगितलं, "बाबा, मला इथं करमत नाही. एकटीनं जेवण जात नाही."

ते म्हणाले, "मंग आज काय खाल्लंस ते खरं सांग." मी सांगत गेले. त्या फोनपुरती मी घरी होते.